नाल कोणत्या दंडावर?

गेल्या पावसाळ्यात एका परिचिताच्या मुलाने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्याच्या पणजोबांचा पुण्याच्या कॅम्पात फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला, पण माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक उरली होती आणि तिच्यात काचेच्या निगेटिव्ह. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या, काहींना बुरशी लागलेली, काहींचे कोपरे उडालेले. बहुतेक गोऱ्या सैनिकांच्या. खडकीला तोफखान्याच्या पलटणी असत, कॅम्प तिथून फार लांब नाही. हातात पैसे आले की सैनिक स्टुडिओत यायचे, ऐटीत उभे राहायचे आणि फोटो विलायतेला घरी पाठवायचे. फोटो साता समुद्रापार गेले, काचा इथेच राहिल्या.

मुलाला या काचांचं छोटं प्रदर्शन मांडायचं होतं. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी हव्या होत्या. त्याने विचारलं, "काका, हा कॉर्पोरल ना? हातावर दोन फिती आहेत."

मी त्याला जे उत्तर दिलं ते चुकीचं होतं. ते कसं चुकलं आणि कसं दुरुस्त झालं हे इथे सगळं मांडतो आहे. पुणे, देवळाली, अहमदनगर, कामठी, बेळगाव अशा छावणीच्या गावांतून असे फोटो अजून निघतात. ज्यांच्या हाती ते लागतात त्यांना नेमकी हीच अडचण येते.

फोटोत काय होतं

तिशीच्या आतबाहेरचा, मिशा राखलेला सैनिक. जाड खाकी सर्जचा, म्हणजे लोकरी कापडाचा कोट, पडलेली कॉलर, छातीवर चुणीचे दोन खिसे. म्हणजे १९०२ साली ब्रिटिश सैन्यात आलेला सर्व्हिस ड्रेस. पुण्यात सर्ज अंगावर आहे म्हणजे बहुधा थंडीचे दिवस. अंगावर तिरका, पाच कप्प्यांचा चामडी काडतुसांचा पट्टा. एका कप्प्यात दहा गोळ्या, असा हा पन्नास गोळ्यांचा बँडोलिअर १९०३ च्या नमुन्याचा. पायांत ब्रीचेस, टाचांना स्पर (घोड्याला टोचायची आरी), पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. इंग्रजीतला त्या पट्ट्यांचा शब्दसुद्धा आपल्याच 'पट्टी'वरून गेलेला. पट्ट्यांची नाडी घोट्याशी बांधलेली आहे. पायदळाचा शिपाई पट्टी खालून वर गुंडाळत जातो आणि गुडघ्याखाली बांधतो, घोड्यावरचा वरून खाली गुंडाळतो आणि घोट्याशी बांधतो. त्यामुळे स्पर दिसले नसते तरी हा माणूस घोड्याशी संबंधित आहे हे नाडीवरून कळलं असतं.

टोपी डोक्यावर नाही. वूल्झली हेल्मेट शेजारच्या टेबलावर ठेवलं आहे, त्यामुळे टोपीवरचा बिल्ला नाही. तो असता तर अर्धं काम तिथेच संपलं असतं.

आता बाह्या. एका दंडावर धातूचा छोटा बिल्ला, इंग्रजी यू उलटा धरावा तसा. दुसऱ्या हाताच्या कोपराखाली, मनगटाच्या वर, फितीचे दोन कोन, टोकं वरच्या दिशेला.

बिल्ला, आणि तो कुठे आहे

ब्रिटिश सैनिकाच्या बाहीवर नजर टाकली की चित्राकडे आधी लक्ष जातं. आडव्या रायफली, आडवे झेंडे, हातोडा आणि पकड, चाक, ढोल. चित्रं सोपी आहेत आणि धंदा सांगतात. हातोडा-पकड शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याची आणि लोहारकाम करणाऱ्याची, चाक गाड्यांच्या सुताराचं, आडव्या कुऱ्हाडी वाट मोकळी करणाऱ्या पायोनियरच्या, लगामाची कडी खोगीर-साज शिवणाऱ्याची, ढोल ढोलवाल्याचा, नाल नालबंदाची. पण तेवढ्यावर थांबलं की फसायला होतं. बाहीवरची जागा चित्राइतकीच बोलते, आणि फोटो धूसर असेल तर चित्रापेक्षा जास्त.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे साधारण अशी रीत होती. कारागिरीचे बिल्ले उजव्या दंडावर. सार्जंट असेल तर हुद्द्याच्या फितींच्या वर. कौशल्याचे बिल्ले डाव्या हाताच्या कोपराखाली: नेमबाजाच्या आडव्या रायफली, सिग्नलरचे झेंडे, आणि महायुद्धात पानांच्या वेटोळ्यातली अक्षरं, लुईस गनवाल्याची एल-जी आणि मशीनगनवाल्याची एम-जी. हेच झेंडे दंडावर, फितींच्या वर दिसले तर तो सिग्नलिंग शिकवणारा. चित्र एक, जागा बदलली की माणूस बदलला.

फितींचंही तसंच. हुद्द्याच्या फितींचं टोक खाली असतं आणि त्या दोन्ही दंडांवर असतात. टोक वर असलेल्या एक-दोन फिती कोपराखाली दिसल्या तर त्या हुद्द्याच्या नसतात. मुलाचा 'कॉर्पोरल' तिथेच बाद झाला. पण अशा फितींचे दोन प्रकार आहेत, आणि या प्रकरणाची सगळी गोम त्यात आहे.

डाव्या मनगटाच्या वर असतील तर त्या चांगल्या वर्तणुकीच्या. ही पद्धत १८३६ पासूनची. साध्या शिपायाला आणि लान्स कॉर्पोरलला मिळायच्या. पहिली दोन वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर, दुसरी पाच-सहा वर्षांनंतर, मग पुढच्या आणखी अंतराने. वरचा हुद्दा मिळाला की त्या उतरायच्या. खूप फिती असलेला साधा शिपाई म्हणजे वर्षानुवर्षं नीट नोकरी करून बढती न मिळालेला, किंवा न मागितलेला माणूस. मला या फितींबद्दल फार जिव्हाळा वाटतो. पदकाच्या मागे एक दिवस असतो, या फितीच्या मागे वर्षं असतात.

उजव्या मनगटाच्या वर असतील तर त्या परदेशातल्या सेवेच्या. त्या डिसेंबर १९१७ च्या आदेशाने निघाल्या, १९१८ पासून बाह्यांवर दिसू लागल्या आणि १९२२ साली बंद झाल्या. १९१४ संपण्यापूर्वी देशाबाहेर पडलेल्याला पहिली फीत लाल, पुढच्या प्रत्येक वर्षाला निळी. आकाराने बारीक, नाजूक.

एकच कोन, टोक वर. डावीकडे असेल तर वर्तणुकीचा, उजवीकडे असेल तर महायुद्धातल्या परदेशसेवेचा. एक महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात नेतो, दुसरा त्याच्या खूप आधीही असू शकतो.

माझं पहिलं उत्तर

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत फिती उजव्या मनगटाच्या वर होत्या. इथे नवख्याची नेहमीची गल्लत होते, कारण समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या हाताला येतो. ती गल्लत मी केली नव्हती. सैनिकाच्या बाजूने मोजूनच 'उजवा' म्हटलं होतं.

मग मी रंगाकडे वळलो. त्या काळच्या बहुतेक काचांना लाल रंग जवळपास दिसतच नसे. लाल गोष्ट काळपट उमटायची आणि निळी फिकी. लाल कोटातला शिपाई जुन्या फोटोत काळ्या कोटातला वाटतो तो याच कारणाने. इथल्या दोन्ही फिती फिक्या होत्या. म्हणजे दोन्ही निळ्या, लाल एकही नाही. म्हणजे हा माणूस १९१४ नंतर परदेशी निघाला आणि त्यानंतर निदान वर्षभराने फोटो काढला. छाती मोकळी, पदकाची फीत नाही, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध पाहिलेला जुना सैनिक नव्हे. सगळं एकमेकांत चपखल बसलं. मी मुलाला कळवलं: महायुद्धात भरती झालेला, फोटो १९१८ ते १९२२ मधला, धंद्याने नालबंद.

लिहून झालं आणि रात्री तोच फोटो डोळ्यांपुढे येत राहिला.

काय खटकत होतं

नाल डाव्या दंडावर होती.

उत्तर देताना ते माझ्या लक्षात आलं होतं. मी स्वतःला सांगितलं होतं की युद्धकाळात नियम सैल होतात, एखाद्याने चुकीच्या बाहीवर लावला असेल. असं स्पष्टीकरण नेहमी मिळतं, आणि ते मिळालं की पुढे बघायचं थांबतं. पण बिल्ला डावीकडे का, याचं उत्तर 'चुकून' असं देताना मी त्या सैनिकावर चूक ढकलत होतो. बाही तपासणारा सार्जंट-मेजर त्याच्या डोक्यावर होता, माझ्या नाही.

मग आणखी दोन गोष्टी नीट दिसल्या. फिती रुंद होत्या, बाहीच्या बऱ्याच भागावर पसरलेल्या. परदेशसेवेच्या फिती अशा नसतात. आणि बँडोलिअर उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे गेला होता. त्याची रीत उलटी, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे.

एक विसंगती म्हणजे माणसाची चूक असू शकते. बिल्ला, फितींची रुंदी आणि पट्टा, तिन्ही एकाच दिशेने खटकत असतील तर चूक माणसाची नाही, चित्राची आहे. मी फोनवरच फोटो आडवा उलटवून पाहिला. नाल उजव्या दंडावर गेली, पट्टा डाव्या खांद्यावर आला, फिती डाव्या हातावर आल्या. सगळं जागच्या जागी.

पण हा अजून पुरावा नव्हता. माझ्या मनासारखं चित्र दिसलं म्हणून ते खरं ठरत नाही. मी मुलाला फोन केला.

"तू काच कशी धरून फोटो काढलास?"

"लाइट पॅडवर ठेवून, काका. वरून मोबाइलने. पण फोटो उलटा नाहीये. काचेच्या कडेला नंबर आहे ना, तो सरळ वाचता येतोय. मी कडा कापून पाठवलं तुम्हाला."

त्याचं म्हणणं रास्त होतं आणि मला अडचणीत टाकणारं होतं. निगेटिव्हवरचा आकडा सरळ वाचता येत असेल तर चित्रही सरळ असणार, असं कुणालाही वाटेल. "मी येतो," म्हटलं. "काच हातात घेतल्याशिवाय काही बोलायला नको."

काच हातात घेतल्यावर

काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत, चकाकणारी, ती नुसती काच. दुसरी मंद, किंचित खरखरीत, तिच्यावर चित्र धरणारा जिलेटिनचा थर. कॅमेऱ्यात हा थर भिंगाकडे तोंड करून बसतो. त्यामुळे काचेच्या बाजूने पाहिलं की चित्र सुलट दिसतं, थराच्या बाजूने पाहिलं की आरशातल्यासारखं. जुना कारागीर कागद थराला चिकटवून छापायचा, म्हणून छापील फोटो सुलट यायचा. हे त्याला हाताच्या सवयीने येत असे, आपल्याला मात्र दरवेळी आठवावं लागतं.

मुलाने काच मंद बाजू वर करून ठेवली होती. कारण अगदी साधं होतं. गुळगुळीत बाजू वर असली की खोलीतल्या ट्यूबलाइटचा चटका फोटोत येतो, मंद बाजूवर येत नाही. फोटो छान स्वच्छ निघाला, पण थराच्या बाजूने.

मग आकडा? तो शाईने लिहिला होता, मंद बाजूवर, कडेला. शाई खरखरीत थरावर धरते, गुळगुळीत काचेवर घसरते. ज्याने लिहिला त्याने काच थर वर करून धरली आणि सरळ हाताने लिहून टाकला. त्यामुळे तो थराच्या बाजूने सरळ वाचता येतो आणि सुलट फोटोत मात्र उलटा येईल. काही कारागीर मुद्दाम आरशातल्यासारखं लिहायचे म्हणजे छापल्यावर सरळ यावं, याने तसं केलेलं नाही. हा आकडा फोटोत नव्हता, काचेवर होता. लिहिताना काच कशी धरली होती एवढंच तो सांगतो. भिंगातून आत आलेलं काहीतरी हवं होतं, सैनिकाच्या अंगावरचं.

ते खांद्यावर होतं. खाकी कोटाच्या खांदपट्टीवर, बाहीच्या शिवणीपाशी पितळी अक्षरं असतात. समोरून उभ्या माणसाची ती फार तिरकी दिसतात, व्हॉट्सॲपच्या फोटोत तर नुसता उजळ ठिपका होता. आम्ही काच खिडकीच्या उजेडात धरली आणि दहापट भिंग लावलं. निगेटिव्ह असल्याने चमकतं पितळ काळं दिसत होतं. मंद बाजूने पाहिल्यावर पहिलं अक्षर ए, मग काहीतरी दांडीचं, मग पोट डावीकडे असलेलं एक. काच फिरवली. आर, एफ, ए. रॉयल फील्ड आर्टिलरी, म्हणजे मैदानी तोफखाना.

मुलाने भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं, मग काच पुन्हा मंद बाजूने धरून पाहिलं. म्हणाला, "ए दोन्हीकडून ए च दिसतो." बरोबर. तिघांत तो एकटाच आरशात बदलत नाही. फक्त ए नीट वाचता आला असता तर तो कुठल्या टोकाला आहे एवढंच कळलं असतं. आर आणि एफ आरशात लपत नाहीत.

कोटाची मिटणीही मग मुद्दाम पाहिली. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजव्यावर येते आणि बायकांच्या विलायती कोटाची उलट. बँडोलिअरच्या खालून जेमतेम बोटभर कड दिसत होती, पण सुलट काचेत ती डावी बाजू वर होती. लॅनयार्डवर मी जोर दिला नाही. तोफखान्याची पांढरी दोरी काळानुसार एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेली आहे, ती इथे साक्षीदार म्हणून उपयोगाची नाही.

नाल की स्पर

जागा ठरल्यावर चित्राकडे परत आलो, कारण तेही अजून पक्कं नव्हतं. ब्रिटिश सैन्यात उलट्या यू सारखे दिसणारे बिल्ले एकाहून जास्त आहेत. घोडेस्वारी शिकवणाऱ्या रफरायडरचा बिल्ला म्हणजे स्पर, तोही उजव्या दंडावर. धूसर फोटोत स्पर आणि नाल सहज एकमेकांच्या जागी जातात, आणि घोड्यांच्या पलटणीत दोघेही असतात, त्यामुळे बाकीच्या पोशाखावरून निवाडा होत नाही. स्परला मधोमध एक शेपटी असते, टोकाला फिरकी. नालेला शेपटी नसते आणि तिचे दोन्ही हात रुंद, सपाट असतात.

भिंगाखाली शेपटी नव्हती. वरचा बाक जाड, हात खाली येताना जरा निमुळते, तोंड खाली. डाव्या हातावर दोन बारीक ठिपके, बहुधा खिळ्यांची भोकं, पण त्यांवर मी पैज लावणार नाही. शेपटी नाही एवढं मात्र स्पष्ट होतं. पितळी बिल्ल्याची एक खोड सांगायला हवी. कापडावर विणलेला बिल्ला फोटोत सगळीकडे सारखा उमटतो, पितळेवर मात्र जिथे उजेड पडला तिथे लखलख आणि बाकी ठिकाणी काळोख. आपण पाहतो ती पुष्कळदा चकाकी असते, आकार नव्हे. म्हणून बिल्ल्याची उजळ रेघ न पाहता त्याची कापडावर पडलेली सावली पाहावी. सावलीची कड आकार जास्त प्रामाणिकपणे सांगते.

तर नालबंद. इंग्रजीत शूइंग-स्मिथ. नालेच्या खाली तीन फिती असत्या तर फॅरियर-सार्जंट म्हटलं असतं, इथे दंडावर एकही फीत नाही.

मैदानी तोफखान्यात या माणसाचं मोल काय होतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका तोफेला सहा घोडे, तिच्या दारूगोळ्याच्या गाडीला सहा. बॅटरीत, म्हणजे तोफखान्याच्या एका तुकडीत, तोफा सहा. अधिकाऱ्यांचे, सार्जंटांचे, निरोप्यांचे आणि राखीव घोडे वेगळे. प्रत्येकाला चार नाला. खूर वाढत राहतो, म्हणून नाल झिजली नसली तरी साधारण महिना-सव्वा महिन्याने ती काढायची, खूर तासायचा, पुन्हा ठोकायची. खिळा जरा आत गेला तर घोडा लंगडतो, आणि सहाच्या जुंपणीत एक लंगडला की तोफ रखडते. भट्टीपाशी उभं राहून, घोड्याचा पाय मांडीत धरून, दिवसभर हे काम. फोटोत त्याचे हात पाहा. एक टेबलावर टेकलेला आहे, पंजा रुंद, बोटं पूर्ण सरळ होत नाहीत. हा पुरावा नव्हे. पण मी तो हात पाहिला आणि मला तो खरा वाटला.

उलटल्यावर काय काय बदललं

सुलट फोटोत फिती डाव्या हातावर आहेत, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या. दोन. म्हणजे किमान पाच वर्षांची स्वच्छ नोकरी. मी ज्याला युद्धात भरती झालेला म्हटलं होतं तो मुरलेला, नेहमीच्या सैन्यातला शिपाई निघाला. फितींचा फिका रंगही आता नीट लागला. निळेपणाचा प्रश्नच नव्हता, खाकी कोटावरची ती साधी फिक्या खाकी रंगाची विणलेली फीत.

१९१४ च्या शरदात इंग्लंडहून टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या पलटणी भारतात आल्या, कारण इथलं नेहमीचं सैन्य लढाईवर जायचं होतं. इथल्या छावण्यांत सापडलेले बरेच फोटो त्यांचे असतात, म्हणून तीही शक्यता तपासली. टेरिटोरियल तोफखान्याच्या खांदपट्टीवर आर, एफ, ए यांच्या वर टी असतो आणि खाली जिल्ह्याचं नाव. इथे एकच ओळ. हा टेरिटोरियल नाही.

उजवी बाही कोपराखाली रिकामी आहे. त्यामुळे १९१८ ते १९२२ या काळातला फोटो असण्याचा संभव कमी झाला. रॉयल फील्ड आर्टिलरी हे नाव १८९९ ते १९२४ एवढंच टिकलं, पोशाख १९०२ नंतरचा, बँडोलिअर १९०३ च्या नमुन्याचा. तेव्हा १९०३ ते १९१७. चौदा-पंधरा वर्षांची फट. याहून बारीक करायचा मोह होतो, पण करू नये.

आणि पदकांची गोष्ट. उलट्या फोटोत सैनिकाची डावी छाती मोकळी होती, त्यावरून मी ठासून सांगितलं होतं की याला पदक नाही. सुलट केल्यावर बँडोलिअर नेमका डाव्या छातीवरून, खिशाच्या वरच्या कडेवरून जातो. पदकाच्या फिती असतात त्याच जागी. त्याच्याखाली बोअर युद्धाच्या दोन फिती असू शकतात, एकही नसू शकते. जे मला सगळ्यांत पक्कं वाटलं होतं ते आता सांगताच येत नाही. वाक्य मागे घ्यावं लागलं आणि त्याच्या जागी दुसरं काही लिहायला मिळालं नाही. मला सगळ्यांत जास्त हेच लागलं.

नाव

मुलाला नाव हवं होतं. साहजिक आहे. ट्रंकेत स्टुडिओची नोंदवही आहे, पण वाळवीने मधली पानं खाल्ली आहेत आणि या आकड्याचं पान त्यातच गेलं. नाव असतं तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोध घेता आला असता. तो शिपाई महायुद्धापूर्वी निवृत्त झाला असेल तर कागद मिळण्याची आशा बरी. महायुद्धात नोकरीत असलेल्यांचे कागद सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये जळाले, निम्म्याहून अधिक गेले, वाचले त्यांतले पुष्कळ कडा जळलेले. नावाशिवाय मात्र तिथे दार ठोठावण्यात अर्थ नाही. नालबंद एका बॅटरीत मोजकेच असायचे, तेव्हा बॅटरीचा क्रमांक जरी कळला तरी वर्तुळ फार लहान होईल. खांदपट्टीवर क्रमांक नाही. हेल्मेटवर काही खूण आहे का ते पाहिलं, टेबलाच्या त्या बाजूला थराला बुरशी आहे.

प्रदर्शनातल्या पाटीवर मुलाने शेवटी असं लिहिलं: "रॉयल फील्ड आर्टिलरीचा नालबंद. नेहमीच्या सैन्यातला, किमान पाच वर्षं नोकरी झालेला. १९०३ ते १९१७ मधला फोटो. नाव मिळालेलं नाही." मी 'धंदा उजव्या दंडावरच्या नालेवरून' एवढं आणखी घालायला सांगितलं, म्हणजे पाहणाऱ्याला आमचं म्हणणं स्वतः ताडून पाहता येईल. त्याने घातलं.

फोटोच्या कडाही त्याने आता कापायचं सोडलं आहे. संगणकात प्रत्येक काचेच्या दोन प्रती ठेवतो: काच जशी दिसली तशी, शाईच्या आकड्यासकट, आणि दुसरी सुलट केलेली. उलटवताना कुठल्या खुणेवरून उलटवली ते प्रतीच्या नावातच लिहितो.

त्या दिवशी निघताना त्याने आधीच छापून ठेवलेले बाकीचे फोटो माझ्यासमोर पसरले. सगळे एकाच पद्धतीने, मंद बाजू वर ठेवून काढलेले. वरचाच उचलला. पायदळाचा कोवळा पोरगा, कॉलर गळ्याला मोठी, चेहऱ्यावर हसू दाबलेलं. कोपराखाली नेमबाजाच्या आडव्या रायफली, उजव्या हातावर. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ट्रंकेतून त्याची काच शोधायला घेतली.